डाव्या हाताची फेक

कॉलेजच्या कँटीनमध्ये नवीन ताटं आली की त्यांत कोणी जेवायच्या आधी सर ती तपासून घ्यायचे. ताट उलटं करून एका बोटावर तोलायचं, दुसऱ्या हाताने काठाला टिचकी मारायची आणि मान तिरकी करून ते किती वेळ न डगमगता फिरतंय हे बघत राहायचं. मनासारखं फिरलं तर ते ताट बाजूला काढून ठेवत. नाही फिरलं तर कँटीनवाल्याला इंदुरी हिंदीत म्हणत, "भिया, किनारा पतला है. ये तो सिर्फ रोटी के काम की है." कँटीनवाला शांतपणे सांगायचा, "सर, रोटी के लिए ही लाया हूँ."

मी मूळची सांगलीची. इंदूरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची नोकरी लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सुदामा नगरात एक खोली घेऊन राहत होते आणि स्टाफरूममध्ये माझं टेबल सरांच्या टेबलाला लागून होतं. ते फ्लुइड मेकॅनिक्स शिकवायचे, म्हणजे पाणी आणि हवा कशी वाहते ते. पण सगळं कॉलेज त्यांना ओळखायचं ते फेकून उडवायच्या तबकड्यांमुळे. मुलं त्यांना मागून 'थाली सर' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी होळकरांच्या फौजेत होते. "आमचे पूर्वज भाले फेकत होते, मी ताटल्या फेकतो. मतलब काम तेच आहे," असं ते म्हणायचे.

माझी मराठी ऐकून त्यांना मजा वाटे. एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगलीवाले लोक मराठी किती मेहनतीने बोलता. आमच्याकडे ती आपली चालता चालता होऊन जाते."

दरवर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ते दोन स्टीलच्या थाळ्या घेऊन जायचे. पहिली थाळी न फिरवता नुसती पुढे ढकलायचे. ती हवेत कोलांटी खाऊन पहिल्या बाकासमोर धाडकन पडायची. दुसरी मनगटाचा झटका देऊन सोडायचे. ती वर्गभर सरळ तरंगत जाऊन मागच्या भिंतीला लागायची. मग ते विचारायचे की दोघींचं वजन एक, आकार एक, मग फरक कशाने पडला. वर्षभरात त्यांनी आणखी काय शिकवलं ते मुलं विसरत, पण हा तास कोणी विसरायचं नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं की मलाही नीट समजावून सांगा. त्यांनी डब्याचं झाकण हातात घेतलं आणि सांगितलं, "पुढे जाणाऱ्या तबकडीला हवा पुढच्या बाजूने जास्त उचलते, मागच्या बाजूने कमी. मग काय व्हायला पाहिजे? तिनं नाक वर करून उताणं पडलं पाहिजे. न फिरणारी पडतेच. पण फिरत असली की तो धक्का तिला जागच्या जागी लागत नाही, पाव चक्कर पुढे जाऊन लागतो. म्हणून ती उताणी पडायच्या ऐवजी एका कुशीवर कलते. आणि जोरात फिरत असली की कलायला पण तिला टाइम लागतो. तेवढ्या टाइममध्ये ती जिथं जायचं तिथं पोचून गेलेली असते."

"आणि शेवटी?"

"शेवटी वेग कमी होतो, फिरणं पण थकतं. मग ती कलते. उजव्या हाताने फेकलेली तबकडी शेवटी डावीकडेच उतरते. तुम्ही काही पण करा."

राजेंद्र नगरात त्यांचं छोटं घर होतं, समोर कॉलनीचं मैदान. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने वाऱ्याचा बोगदा बांधला होता. कूलरचा मोठा पंखा, त्याच्यापुढे प्लायवूडचा चौकोनी बोळ, आणि पंख्याचा भोवरा मोडून वारा सरळ वाहावा म्हणून बोळाच्या तोंडाशी कोल्ड्रिंकच्या हजारो नळ्या एकमेकींना चिकटवून बसवलेल्या. मिक्सरच्या मोटरवर तबकडी फिरायची आणि तिच्यावरून उदबत्तीचा धूर सोडून ते तो कुठे वळतो, कुठे तुटतो हे बघायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की आमच्याकडे देवापेक्षा तबकडीलाच जास्त उदबत्त्या लागतात.

काकू मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. तरुणपणी त्या खो-खो खेळलेल्या. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चालताना टाच जमिनीला जेमतेम टेकायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सरांनी त्यांना छतावर बोलावलं होतं. त्यांना वाटलं की नवरा चांदणं दाखवतोय की काय. वर गेल्या तर सर दुसऱ्या टोकाला ताटली घेऊन उभे होते आणि म्हणाले, फक्त झेलायची. तेव्हापासून त्या झेलत होत्या. सर फेकत, काकू झेलत आणि परत फेकत; मग सर खाली बसून पेनाने काहीतरी लिहीत. तपकिरी कव्हर घातलेल्या अशा एकोणीस वह्या शेडमधल्या फळीवर होत्या. रिटायर झाल्यावर त्यांचं पुस्तक करायचं, असं ठरलेलं होतं.

एका रविवारी ते मला बरोबर घेऊन गेले. मानपूरच्या अलीकडे हायवे सोडून एक उघडा माळ होता, तिथं वारा चांगला मिळायचा. त्या दिवशी काकूंनी वाऱ्याविरुद्ध आलेली एक तबकडी उडी मारून एका हाताने धरली आणि पडता पडता सावरून उभ्या राहिल्या. पंचावन्नच्या पुढच्या होत्या त्या. सर वही उघडायची विसरून नुसते बघत राहिले. मला दोन-तीन वेळा झेलायला दिली, मी सगळ्या सोडल्या. काकू म्हणाल्या, "तिच्यामागे धावू नकोस बेटा. ती येते आपली आपण."

सर दुसऱ्यांचं काही वाचत नसत. म्हणजे त्यांच्या या विषयातलं. आधी बघायचं आणि मग वाचायचं, असा त्यांचा नियम होता. आधी वाचलं की आपल्याला दुसऱ्याचंच दिसायला लागतं, म्हणायचे. मला तेव्हा हा हट्ट वाटायचा. मी नुकती शिकून आलेली, लायब्ररीच्या पासवर्डने जगभरची जर्नल्स उघडता येत होती. एका दुपारी सहज शोधलं, आणि पुढे सापडत गेलं. बाहेरच्या देशांत या विषयावर कितीतरी काम झालेलं होतं. मोठे बोगदे, अचूक यंत्रं. आणि त्यांतले आलेख जवळजवळ सरांच्या वहीतले आलेख होते.

मी ते सगळं छापलं, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, हे खरं आहे. पण आपण त्यांच्यापेक्षा जास्त जाणतो हे त्यांना दिसावं असंही मनात होतं, आणि हेही खरं आहे. हे दुसरं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान उलटत गेले. नाक उचलणारा जोर कोणत्या कोनाला शून्य होतो, त्या आलेखाशी थांबले. बोट त्या रेघेवरून सावकाश फिरवलं. मग कोपऱ्यातलं साल बघितलं.

"तेव्हा मी सातव्या वहीत होतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, बघा ना, तुमचे आकडे बरोबर आहेत. त्या शेडमध्ये, उदबत्तीवर, तुम्ही तेच काढलंत."

"हो. बरोबर आहेत." त्यांनी तो गठ्ठा नीट पिशवीत ठेवला. "बरं केलं आणलंत."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी पूर्वीसारखंच सभ्यपणे बोलत होते. फक्त तबकडीबद्दल एक शब्द नाही. शेडला कुलूप लागलं. पंधरा दिवसांनी काकू मला बाजारात भेटल्या. मी चाचरत विचारलं की सर रागावले आहेत का. काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"रागावले नाहीत. रोज तुझे ते कागद वाचतात," त्या म्हणाल्या. "बेटा, आमच्या मुलीनं मला हे कधीच सांगितलं होतं. बंगलोरला तिनं कॉम्प्युटरवर बघितलं होतं. मीच म्हटलं, राहू दे. तुझी चूक नाही. पण मला आधी विचारायचंस."

घरी येऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. एका माणसाच्या एकोणीस वह्या मी एका दुपारी मिटवून टाकल्या होत्या, आणि त्याने मला 'बरं केलं' म्हटलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी काकूंना लकवा झाला. शाळेच्या मैदानावरच पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी हॉस्पिटलमध्ये एकदा जाऊन आले. सर बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी मला पाणी हवं का विचारलं आणि मी नको म्हटलं. मग मी परत गेले नाही. परीक्षा, पेपर, गर्दी, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. खरं म्हणजे त्यांच्या घरी जायचं मला धैर्य होत नव्हतं.

पुढच्या सत्रात सर कॉलेजला यायला लागले ते डाव्या हाताने लिहीत. फळ्यावर अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी, वाकडी आणि मोठी. सही डाव्या हाताने, डब्यातली भाजी डाव्या हाताने, दाराची कडी डाव्या हाताने. मुलं हसायची. विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून सांगितलं की फळ्यावरचं मुलांना वाचता येत नाही, तक्रारी येतायत. सर म्हणाले की थोडे दिवस सांभाळून घ्या, हात बदलतोय. प्रमुखांनी ते स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांना ऐकवलं. कोणीतरी म्हणालं, तबकडी संपली, आता सर स्वतःच उलटे फिरायला लागले. सगळे हसले. मीही हसले. सर तेव्हा खोलीत नव्हते, एवढंच.

डिसेंबरात ते आठवडाभर रजेवर होते आणि त्यांच्याकडच्या गुणांच्या याद्या हव्या होत्या. कोणीतरी जाऊन आणायच्या होत्या. मी शेजारच्या टेबलावरची, म्हणून मला पाठवलं. पाच वाजले असतील. घराला बाहेरून कडी होती. मागे वळले तर दोघं समोरच्या मैदानावर होते.

काकू हातांच्या खुर्चीत बसलेल्या. अंगावर शाल, उजवा हात मांडीवर रुमालात ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांच्यापासून पंधरा पावलांवर सर उभे होते आणि त्यांच्या डाव्या हातात तबकडी होती. त्यांनी फेकली. ती डगमगत निघाली आणि अर्ध्या वाटेवर गवतात पडली. ते गेले, उचलली, परत जागेवर आले, परत फेकली. ही गेली खुर्चीच्या वरून. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण थांबले नाहीत.

"उजव्या हाताने फेकली की शेवटी माझ्या डावीकडे उतरते," ते म्हणाले. "माझी डावी म्हणजे तिची उजवी. तिचा तो हात नाही उचलत. रोज त्याच बाजूला पडायची आणि ही बघत राहायची."

मी खुर्चीमागे पडलेली तबकडी उचलून त्यांना आणून दिली.

"डाव्या हाताने फेकली की उलटी फिरते. मग उतरते पण उलट बाजूला. तिच्या चांगल्या हाताकडे." त्यांनी मनगट दोनदा वळवून बघितलं. "चार महिने झाले. अठ्ठावन्न वर्षांचं मनगट आहे, लवकर शिकत नाही. म्हणून सगळंच डाव्याने करतो. लिहिलं, जेवलं, की हाताला सवय होते."

त्यांनी पुन्हा फेकली. या वेळी तिचं नाक जरा वर धरून, वाऱ्याच्या तोंडावर. तबकडी सावकाश गेली, काकूंच्या समोर येऊन जवळजवळ थांबली, आणि हळूच त्यांच्या डावीकडे कलली. काकूंचा डावा हात उघडला. बोटं तिच्या काठावर मिटली. पकड सैल होती, पण त्यांनी तबकडी धरली.

"झालं," काकू म्हणाल्या.

तेवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. चहा हवा असला तरी झालं, दुखत असलं तरी झालं, मुलीचा फोन आला तरी झालं. त्या दिवशी माझ्याकडे बघूनही त्या तेच म्हणाल्या आणि अर्ध्या तोंडाने हसल्या.

काकूंना परत फेकता येत नसे. म्हणून प्रत्येक वेळी सर पंधरा पावलं चालत जायचे, त्यांच्या बोटांतून तबकडी सोडवून घ्यायचे आणि पंधरा पावलं परत यायचे. मी तिथं होते तेवढ्यात त्यांनी तीसेक वेळा तरी फेकली. त्यांतल्या चार काकूंच्या हातात आल्या.

त्यानंतर मी आठवड्यातून एक-दोनदा जात राहिले. माझ्या चुकीबद्दल ना मी बोलले ना ते. मी धावून तबकड्या गोळा करायचे, सरांची तेवढी पावलं वाचायची. ती नवी तबकडी त्यांनी खास बनवली होती. काठाच्या आतून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे वजन काठाशी राहतं आणि हळू जातानाही ती जास्त वेळ फिरत राहते. बाहेरून पातळ फोम, हाताला लागू नये म्हणून. मी विचारलं की पट्टीचं वजन किती घेतलं. "मोजलं नाही," ते म्हणाले. ज्या माणसाने कँटीनची ताटंसुद्धा तोलली होती, त्याने हे मोजलं नव्हतं. मी म्हटलं, सर, असं कोणीच केलेलं नाही, आपण लिहू या. मी सगळीकडे शोधलंय. त्यांनी मान डोलावली, जरूर लिहा म्हणाले. मी लिहिणार होते. तबकडीचे फोटोही काढले होते. पण लिहिलं नाही.

जानेवारीच्या शेवटी काकूंना दुसरा झटका आला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. अंत्ययात्रेला शाळेच्या मुली युनिफॉर्ममध्ये आल्या होत्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सरांनी बसायला जागा करून दिली. पंधरवड्यानंतर ते कॉलेजला आले आणि फळ्यावर उजव्या हाताने लिहायला लागले. मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अक्षर पूर्वीसारखं सुंदर होतं. मला ते बघवेना.

मार्चअखेर ते रिटायर झाले. मुलीनं त्यांना बंगलोरला न्यायचं ठरवलं. निघायच्या दोन दिवस आधी मी भेटायला गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. शेड रिकामी होती. पंखा कोणाला तरी देऊन टाकला होता. वह्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही. मुलगी चहा करायला आत गेली तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, एक काम कराल का? मला फेकून द्या थोडी."

मला कळलं नाही. ते म्हणाले की इतक्या वर्षांत ते सगळा वेळ फेकण्याच्याच बाजूला उभे होते. काकू परत फेकायच्या, तेव्हाही यांचं अर्धं लक्ष वहीत असायचं. तबकडी येताना कशी दिसते, हे त्यांनी असं कधी बघितलंच नव्हतं.

त्यांनी स्वतः खुर्ची उचलून मैदानावर नेली. बसले. उजवा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, फेका.

मी पंधरा पावलं मोजून उभी राहिले. मला डाव्या हाताने फेकता येत नव्हतं. उजव्याने फेकली, ती त्यांच्या उजव्या बाजूला उतरली. त्यांनी तो हात उचलला नाही. दुसरी तशीच गेली, तिसरीही. प्रत्येक वेळी मी जाऊन उचलून आणत होते आणि ते मान वळवून ती जिथं पडली तिथं बघत होते. मी म्हटलं, सर, उजवा हात वापरा. त्यांनी डाव्या हाताने पुढची फेकायची खूण केली. बऱ्याच वेळाने एक चुकून सरळ गेली. त्यांनी डावा हात पुढे केला, ती हाताला लागून छातीवर आपटली आणि त्यांनी ती तशीच छातीशी धरली.

मी जवळ गेले. ते तबकडीकडे नाही, मी जिथून फेकली होती त्या जागेकडे बघत होते.

"समोरून उडताना दिसतच नाही हो," ते म्हणाले. "नुसती मोठी होत येते."

मी खुर्चीशेजारी गवतात बसले.

"एका हाताने. खुर्चीतून उठता येत नाही, सरकता येत नाही. तिला भीती वाटत असेल." त्यांनी तबकडी छातीपासून दूर धरून बघितली. "मी लांबून खूश व्हायचो. दर वेळी जाऊन विचारायचो, कशी उडाली म्हणून."

घरातून त्यांच्या मुलीने चहा झाल्याची हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. त्यांनी तबकडी माझ्या हातात दिली, उजवा हात पुन्हा मांडीवर नीट ठेवला आणि पंधरा पावलांकडे बोट दाखवलं. मी परत जाऊन उभी राहिले.